भिंत कुणाची, पैसा कुणाचा?

ऑन्टारियो सरोवराच्या दक्षिण काठावर, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहराला लागून ग्रीस नावाची वस्ती आहे. तिथला एजमेअर ड्राइव्ह हा रस्ता जमिनीच्या एका अरुंद पट्टीवरून जातो. एका हाताला सरोवर, दुसऱ्या हाताला तळी आणि पाणथळ जागा, मधल्या चिंचोळ्या जागेत रस्ता आणि घरांची ओळ. 2017 च्या मे महिन्यात या घरांच्या अंगणात पाणी आलं. राज्यानं नॅशनल गार्डचे जवान वाळूच्या पिशव्या भरायला पाठवले. लोकांनी घराभोवती पिशव्यांचे बांध रचले, पंप लावले आणि पाणी ओसरायची वाट बघत बसले. जून उजाडला तरी ते ओसरेना.

सरोवराचा पूर असा चिवट असतो. कृष्णा-पंचगंगेचा पूर अंगावर येतो, आठवडा-पंधरा दिवस छळतो आणि उतरतो. सरोवर सावकाश भरतं आणि उतरतंही तितक्याच सावकाशीनं. ऑन्टारियोचं क्षेत्रफळ सुमारे 19,000 चौरस किलोमीटर. म्हणजे पुणे जिल्हा आत मावून वर जागा उरेल. एवढ्या पाण्याला बाहेर पडायला वाट एकच, सेंट लॉरेन्स नदी. त्यामुळे पाण्याचा मुक्काम दिवसांत न मोजता महिन्यांत मोजावा लागतो. आणि पातळी चढलेली असताना जोराचा वारा सुटला, की तो पाणी एका काठाकडे लोटतो आणि वर लाटा आपटतात. शांत पाण्यात टिकलेली भिंत अशा एका रात्रीत जाते. बोटीनं उठवलेली लाटसुद्धा नको म्हणून न्यूयॉर्क राज्यानं त्या उन्हाळ्यात काठापासून 600 फुटांच्या आत बोटींचा वेग ताशी 5 मैलांवर आणला होता.

भिंत पडते कशी, हे जरा जवळून बघू. काठावरच्या बहुतेक घरांपुढे पोलादी पत्र्याची, काँक्रीटची नाही तर मोठ्या दगडांची संरक्षक भिंत असते. आपल्या कोकणात तिला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात. तिच्या मागं मातीचा भराव, भरावावर हिरवळ, हिरवळीच्या टोकाला घर. पातळी वाढली की लाट भिंतीवरून पलीकडे पडते आणि भराव भिजून जड होतो. समोरून आदळलेली लाट माघारी फिरताना भिंतीच्या पायाशी खड्डा खणते. मग सांध्यांतून बारीक माती पाण्याबरोबर बाहेर झिरपू लागते. वरून काहीच दिसत नाही. फक्त हिरवळीवर एक खोलगट ठिकाण पडतं, काही दिवसांनी त्यात पाय जातो. पायाशी आधार गेलेला आणि पाठीशी ओल्या मातीचा रेटा, अशा अवस्थेत भिंत एक दिवस सरोवराकडे कलते. तिच्यामागं अंगणाची फरशी, पायऱ्या आणि कित्येकदा सेप्टिक टँकही. घर उभं असतं, पण संडास चालत नाही.

आता खर्चाचा प्रश्न. अमेरिकेत पुराचा विमा मुख्यतः केंद्र सरकारच चालवतं. 1968 साली सुरू झालेल्या त्या योजनेत राहत्या घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि आतल्या सामानाला एक लाख डॉलरपर्यंत संरक्षण मिळतं. पण संरक्षक भिंत, धक्का, गोदी, कुंपण आणि जमीन या गोष्टी विम्यात बसत नाहीत. म्हणजे जी भिंत पडल्यावर घर धोक्यात येतं, नेमकी तीच विम्याच्या बाहेर. घर खचलं तर पैसे मिळतील, घर खचू नये म्हणून बांधलेल्या भिंतीला मिळणार नाहीत. विमा कंपनीच्या नजरेनं यात तर्क आहे. पाण्यात उभी केलेली वस्तू पाण्यानं झिजणारच, तिचा विमा कसला उतरवायचा? काठावरच्या माणसाला मात्र हा तर्क फार महाग पडतो.

केंद्राची आपत्ती-मदतही हाताशी आली नाही. 2017 च्या पुराला नोव्हेंबरमध्ये मोठी आपत्ती म्हणून मान्यता मिळाली, पण ती मदत रस्ते, सांडपाण्याची व्यवस्था, सार्वजनिक धक्के अशा कामांसाठी होती. खाजगी घरांचा भार राज्यावर आला. आणि राज्यानं तो ज्या तत्परतेनं उचलला, त्यामागं नुसती करुणा नव्हती. काठावरच्या लोकांचं म्हणणं होतं, हा पूर आकाशातून पडलेला नाही. कुणीतरी सोडलेला आहे.

ऑन्टारियो सरोवराला नळ आहे. कॅनडातलं कॉर्नवॉल आणि अमेरिकेतलं मसीना यांच्यामध्ये सेंट लॉरेन्सवर मोझेस-सॉन्डर्स हे जलविद्युत धरण आहे, आणि 1960 पासून सरोवराची पातळी या धरणाच्या विसर्गानं काही प्रमाणात राखली जाते. विसर्ग किती, हे ठरवते अमेरिका आणि कॅनडा यांच्या 1909 च्या सीमाजल करारातून जन्मलेल्या संयुक्त आयोगाची यंत्रणा. जुन्या नियमावलीत पातळी साधारण चार फुटांच्या पट्ट्यात, 74.15 ते 75.37 मीटरच्या दरम्यान ठेवायचं उद्दिष्ट होतं. काठावर राहणाऱ्यांना हा पट्टा सोयीचा होता. अर्धशतक त्याच्या भरवशावर लोक पाण्याच्या आणखी आणखी जवळ बांधत गेले. पाणथळ जागांचे मात्र त्यात हाल झाले, कारण वर-खाली होणाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या वनस्पतींच्या जागी एकसुरी गवताळ दाटी माजली. म्हणून जानेवारी 2017 पासून ‘प्लॅन 2014’ ही नवी नियमावली लागू झाली. पातळीला थोडी नैसर्गिक चढउतार करू द्यायची आणि त्यातून सुमारे 26,000 हेक्टर पाणथळ जमीन सुधारायची, हा तिचा हेतू. आणि लागू होऊन पाच महिने होतात न होतात तोच, 29 मे 2017 रोजी सरोवर 75.88 मीटरवर पोचलं. 1918 पासूनच्या नोंदींतला हा उच्चांक. नियमाची अंमलबजावणी आणि पूर एकाच वर्षी आल्यावर माणसं दुसरा निष्कर्ष काढतीलच कशाला?

पण जरा गणित करून बघा. जुन्या पट्ट्याच्या वर चढलेलं ते अर्धा मीटर पाणी म्हणजे सुमारे साडेनऊशे कोटी घनमीटर. आपल्या भाषेत 335 टीएमसी, तीन कोयना धरणं भरून वर थोडं उरेल इतकं. ते सोडून द्यायचं तर खाली मॉन्ट्रिऑल आहे. त्या वसंतात ऑन्टारियोच्या खोऱ्यात आणि ओटावा नदीच्या खोऱ्यात एकाच वेळी जबर पाऊस झाला होता. ओटावा नदी मॉन्ट्रिऑलजवळ सेंट लॉरेन्सला मिळते, आणि क्यूबेक प्रांतात पाच हजारांहून अधिक घरांत आधीच पाणी शिरलं होतं. सरोवर आठवड्यात एक सेंटिमीटरनं उतरवायचं तर विसर्ग सेकंदाला 300 हून अधिक घनमीटरनं वाढवावा लागतो, आणि तेवढ्यानं मॉन्ट्रिऑलजवळच्या सेंट लुई सरोवराची पातळी दहाएक सेंटिमीटरनं चढते. वरच्याला सेंटिमीटर दिलासा द्यायचा तर खालच्याच्या घरात वीतभर पाणी घालायचं, असा हा व्यवहार. म्हणून मे महिन्यात विसर्ग आवरून धरला गेला आणि खालचं पाणी उतरल्यावर वाढवत नेऊन सेकंदाला 10,400 घनमीटरपर्यंत सोडला गेला. जुनी नियमावली असती तरी पातळीत फारसा फरक पडला नसता, हा नियमन मंडळाचा निष्कर्ष होता. आपल्याकडे 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषमुक्त केलं, तेव्हा कृष्णाकाठच्या लोकांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास होता, तोच इथंही होता. धरण दिसतं, तीन महिन्यांचा पाऊस साठून दिसत नाही.

न्यूयॉर्कच्या राजकारणानं काठाची बाजू घेतली. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी आयोगाला जाहीरपणे धारेवर धरलं आणि 2017 च्या उन्हाळ्यात साडेचार कोटी डॉलरची अनुदान योजना आली. पुढे ती रक्कम दुपटीवर गेली. घरमालकाला 50,000 डॉलरपर्यंत, तेव्हाच्या दरानं 32 लाख रुपयांच्या आसपास, अनुदान मिळू शकत होतं. महत्त्वाची गोष्ट अशी, की घराच्या दुरुस्तीबरोबर काठ पक्का करण्याचं कामही त्यात धरलं होतं. विम्यानं जी भिंत बाहेर ठेवली, ती राज्यानं आत घेतली.

अशा अनुदानाचं काम कसं चालतं, हे आपल्या पंचनाम्याच्या अनुभवावरून ओळखीचं वाटेल. नुकसानीचे फोटो, मालकीचा पुरावा, विम्याचा दावा केला असल्यास मिळालेल्या रकमेचा कागद, कंत्राटदाराचं अंदाजपत्रक. एकाच नुकसानीसाठी दोनदा पैसे द्यायचे नाहीत म्हणून विम्याची रक्कम वजा होते. त्यात भिंतीच्या कामाची वेगळी भानगड: ती पाण्यात उभी असते, म्हणून राज्याच्या पर्यावरण खात्याची आणि लष्कराच्या अभियंता विभागाची परवानगी लागते. होती तशीच भिंत पुन्हा बांधायची असेल तर परवानगी सोपी. उंच किंवा पुढे सरकवून बांधायची तर कागद वाढतात. परिणाम उघड आहे. अर्ज लवकर निकाली निघावा म्हणून माणूस जुन्याच जागी, जुन्याच उंचीची भिंत मागतो. पुढचा पूर तिच्यावरून पुन्हा जातो.

तो गेलाही, दोनच वर्षांनी. 2019 च्या जूनमध्ये पाणी 75.92 मीटरवर चढलं आणि 2017 चा उच्चांक मोडला. या वेळी वरचं ईरी सरोवरच विक्रमी भरलं होतं आणि ओटावा नदीही पुन्हा उफाणली होती. सोडस पॉइंट या छोट्या गावात मुख्य रस्ता पाण्याखाली गेला. 2017 च्या पैशातून दुरुस्त झालेल्या काही भिंतींनी पुन्हा मार खाल्ला. राज्यानं तेव्हा 30 कोटी डॉलरपर्यंतची दुसरी योजना आणली. नायगारापासून सेंट लॉरेन्सपर्यंतचे आठ जिल्हे तिच्यात होते. या योजनेची वाटणी बघण्यासारखी आहे: घरमालकांना 2 कोटी, व्यवसायांना 3 कोटी, बंदरं-खाड्यांतला गाळ काढायला दीड कोटी, आणि उरलेले 23.5 कोटी स्थानिक आणि प्रादेशिक कामांना. रस्ते उंच करणं, सांडपाण्याचे पंप वर उचलणं, सार्वजनिक किनारा भक्कम करणं. दोन वर्षांत राज्याच्या डोक्यात काय बदललं, ते या आकड्यांत दिसतं. एकेका भिंतीला पैसे देण्यापेक्षा रस्ता आणि गटार वर उचललं तर गावाला उपयोग होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यानं 5 कोटी डॉलरची भरपाई मागत आयोगावर दावाही ठोकला. हे मला जास्त बोलकं वाटतं. राज्य हा पैसा मदत म्हणून देत होतं, पण मनातून त्याची समजूत भरपाईची होती. कुणाच्या तरी चुकीची किंमत आपण तूर्त चुकवतो आहोत, ती नंतर वसूल करू.

ही समजूत सोयीची आहे, कारण तिच्यामुळे एक अडचणीचा प्रश्न बाजूला पडतो. काठावरची जमीन महाग. तिथं घर असणं ही बहुतेक वेळा ऐपतीची खूण, आणि कित्येक घरं तर उन्हाळ्यापुरती वापरायची. मग ब्रॉन्क्समध्ये भाड्यानं राहणाऱ्या बस-ड्रायव्हरच्या करातून सरोवरकाठच्या भिंतीला पैसे का जावेत? यावर काठाच्या बाजूचं उत्तर अगदीच कच्चं नाही. अमेरिकेत शाळा आणि गावचा कारभार मोठ्या प्रमाणात स्थावर मालमत्तेच्या करावर चालतो. सोडस पॉइंटसारख्या गावात काठावरच्या घरांची घरपट्टी गेली, तर शाळेच्या बसचा खर्च काढायचा कुठून? पूरग्रस्त घरांचं करमूल्य कमी करण्याची मुभा गावांना देणारा कायदा राज्यानं 2017 मध्ये केला, तेव्हा दिलासा घरमालकाला मिळाला आणि भोक गावाच्या तिजोरीला पडलं. म्हणून भिंत दुरुस्त करण्यात गावचाही स्वार्थ आहे. काठावर सगळे श्रीमंतच, हेही खरं नाही; आजोबांनी बांधलेल्या दोन खोल्यांच्या लाकडी घरात निवृत्त होऊन राहणारी माणसं तिथं बरीच आहेत.

मला खटकतं ते दुसऱ्या बाजूनं. भिंत ही एका घराची खाजगी बाब राहत नाही. सोडस पॉइंटच्या पूर्वेला चिमनी ब्लफ्स नावाचे उंच कडे आहेत, हिमनद्यांनी सोडलेल्या दगडगोट्या-मातीचे. लाटा ते पोखरत राहतात आणि पडलेली माती-वाळू काठाकाठानं वाहत जाऊन पुढच्या पुळणीला मिळते. कड्याचं नुकसान हे पुळणीचं उत्पन्न. एकानं आपल्या हद्दीत दगडी भिंत घालून धूप थांबवली की पुढच्याच्या काठाला वाळू मिळेनाशी होते. शिवाय भिंतीच्या टोकाशी वळलेली लाट शेजाऱ्याचीच जमीन कातरते. मग शेजारीही भिंत घालतो. अशा साखळीला सरकारी अनुदान मिळालं की सगळा काठ दगडाचा होत जातो आणि पुळण, जिच्यावर ना कुणाची घरपट्टी ना कुणाचा अर्ज, ती गुपचूप नाहीशी होते. अनुदानाच्या अर्जात शेजाऱ्याच्या काठाचं काय होईल, हा रकाना असायला हवा असं मला वाटतं. भिंतीची उंची ठरवण्याइतकंच ते अभियंत्याचं काम आहे.

याच पाण्याच्या पलीकडच्या काठावर नियम वेगळे आहेत. टोरंटो-मिसिसागा परिसरात मराठी मंडळी भरपूर, आणि पाहुणे आले की त्यांना टोरंटोच्या बेटांवर न्यायचं हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. 2017 च्या वसंतात ही बेटं पाण्याखाली गेली आणि जुलै संपेपर्यंत पर्यटकांना बंद राहिली. फेरी फक्त तिथल्या रहिवाशांसाठी चालू होती. ऑन्टारियो प्रांताची आपत्ती-मदत योजना मुख्य राहत्या घराला, आणि त्यातही अत्यावश्यक गोष्टींच्या दुरुस्तीला पैसे देते. सुट्टीतल्या कॉटेजला एक डॉलरही नाही. राहायचं घर आणि हौसेचं घर यांत तिनं सरळ रेघ ओढली आहे.

क्यूबेकनं त्याहून कठोर पाऊल उचललं. 2017 मध्ये भरपाई दिलेली घरं 2019 मध्ये पुन्हा बुडाली, तेव्हा तिथल्या सरकारनं भरपाईचा हिशेब दर पुरामागे न ठेवता घरामागे मांडला. एकामागून एक आलेल्या पुरांची मिळून मदत 1 लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत, किंवा घर नव्यानं बांधायला लागणाऱ्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत. ही मर्यादा गाठली की पुढं दुरुस्तीला पैसे मिळणार नाहीत. मात्र घर सोडून जायला मिळतील, घराचे 2 लाखांपर्यंत आणि जमीन धरून अडीच लाखांपर्यंत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे निर्दय वाटलं. पण विचार करता ते न्यूयॉर्कपेक्षा प्रामाणिक वाटू लागतं, कारण त्यात माणसाला आधीच कळतं की सरकार किती वेळा आणि किती येणार आहे. दर पुराला नवी योजना, नवी रक्कम आणि नवा अर्ज अशा पद्धतीत कुणालाच काही ठरवता येत नाही; घर विकायचं का, वर उचलायचं का, भिंतीवर स्वतःचे पैसे घालायचे का.

अर्थात क्यूबेकलाही सगळीकडे हा नियम चालवता आलेला नाही. 27 एप्रिल 2019 च्या संध्याकाळी ओटावा नदीच्या तोंडाशी पसरलेल्या दोन पर्वतांच्या सरोवराकाठी, सेंट-मार्त-स्यूर-ल-लाक या गावचा बांध फुटला आणि सहा हजारांवर माणसांना घर सोडून पळावं लागलं. तिथं ‘निघून जा’ म्हणून भागणार नव्हतं. सरकारनं बांधच दुरुस्त करून उंच केला. एकटं घर असेल तर निघून जा आणि अख्खं गाव असेल तर बांध घालू, असा हिशेब. तो बरोबर की चूक, हे गाव किती मोठं यावर ठरावं याची गंमत वाटते. पण दुसरं कुठलंही सरकार वेगळं वागलं असतं असं वाटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये पुढं एक गोष्ट घडली. 2021 च्या वसंतात सरोवर सरासरीच्या खाली गेलं. पाणी जास्त सोडलं म्हणून आता बोटीवाले आणि मरीनावाले बोलू लागले. आणि नोव्हेंबर 2022 मध्ये राज्याच्या मतदारांनी 4.2 अब्ज डॉलरच्या पर्यावरण रोख्यांना कौल दिला. त्यात पूरधोका कमी करण्यासाठी आणि निसर्ग पूर्ववत करण्यासाठी किमान 1.1 अब्ज आहेत, आणि त्यातले 25 कोटी डॉलरपर्यंत धोक्यातली घरं मालकाच्या संमतीनं विकत घेण्यासाठी वापरता येतात. घरं घ्यायची, पाडायची आणि जागा मोकळी सोडायची. केंद्राच्या पैशातून अशी खरेदी झाली तर त्या जागेवर पुन्हा कधीच बांधकाम करता येत नाही, आणि अर्ज घरमालकाला परस्पर करता येत नाही. तो गावानं किंवा जिल्ह्यानं करावा लागतो. म्हणजे काठावरचा एक भूखंड कायमचा घरपट्टीतून वजा होणार, आणि ती वजाबाकी मागणाऱ्या कागदावर सही करायची ती ज्याची तिजोरी आटणार आहे त्याच गावानं.